विंगेतला अबोला

गेल्या वर्षी आमच्या जत्रेच्या नाटकात, दुसऱ्या अंकात, सेनापती आपले शब्द विसरून विंगेकडे बघायला लागला आणि मी तोंड मिटून बसून राहिलो. मी प्रॉम्प्टर होतो. पुस्तक मांडीवर उघडं होतं, बोट नेमकं त्याच ओळीवर होतं, विजेरी चालू होती, चष्मा डोळ्यांवर होता. घसाही ठीक होता. तरी मी बोललो नाही.

ह्या वागण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे. ठाऊक नसतं तर मी आपला मुकाट्याने शब्द दिला असता.

मी गोव्यात साखळी गावच्या एका हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर पेडण्याजवळच्या पार्श्याला, आमच्या मूळ घरी, येऊन राहिलो. पण जत्रेचं नाटक मात्र मी कधीच सोडलं नव्हतं. साखळीला असतानाही तालमींसाठी दोन-दोन बसगाड्या बदलून येत असे. आमच्या गावचं नाटक गावचेच लोक करतात. कुणी वीजखात्यात लाइनमन, कुणी काजूच्या बागेचा मालक, कुणी पंचायतीचा पंच, कुणी बसवर कंडक्टर. दाढी लावून, तलवार कमरेला बांधून हे सगळे एका संध्याकाळपुरते राजे आणि सरदार होतात. बायकांच्या भूमिकांसाठी साखळी-डिचोलीकडच्या नटी बोलावतात. त्या रंगीत तालमीच्या दिवशी उगवतात, आपले शब्द चोख पाठ करून आलेल्या असतात, आणि समोरच्या राजाला काहीही येत नाही हे बघून त्यांच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलत नाही. त्यांना सवय असते. राजाला शब्द पुरवायला उजव्या विंगेत एक माणूस बसलेला असतो हेही त्यांना ठाऊक असतं.

तो माणूस मी. सोड्याच्या बाटल्यांचा प्लास्टिकचा क्रेट पालथा घालून त्यावर बसायचं, पडद्याची कड डाव्या हाताने जरा दूर धरायची, आणि नटाच्या ओठांकडे बघत ओळ सोडायची. ओठ हलायच्या आधी अर्धा श्वास. उशीर झाला की राजा खोकतो आणि लवकर झाली की राजा गोंधळतो. ही कला मला जमते अशी माझी समजूत होती. टाळ्या पडल्या की त्यांतल्या निम्म्या मी मनातल्या मनात आपल्याकडे वळत्या करून घेत असे. बाकीच्या निम्म्यांबद्दलही माझं मत फारसं चांगलं नव्हतं.

खरं सांगायचं तर रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक माणसाचा मला हेवा वाटत आलेला आहे. भालदाराचासुद्धा. नुसता भाला धरून उभा असतो, त्याला शब्दही नसतो, तरी त्याची बायको त्याचा फोटो काढते. माझा विंगेतला फोटो माझ्या बायकोने कधी काढला नाही. एकदा मी सुचवलं होतं. ती म्हणाली, "काळोखांत कितां दिसतलां? क्रेट?"

निवृत्तीनंतर घराच्या बलकांवात, म्हणजे पुढल्या दाराशी दोन्ही बाजूंना बसायला बाक असतात तिथे, मी बोलक्या इंग्रजीचा वर्ग काढला. वर सड्यावर, डोंगरावरच्या पठारावर, विमानतळ झाल्यापासून पेडण्यातल्या पोरांना इंग्रजी हवं झालेलं. पूर्वी मुलं माझ्या तासाला खिडकीतून बाहेर बघायची. आता नोकरी करणारी पोरं ड्यूटीवरून येऊन, बूट काढून, पाय दुमडून ऐकायला लागली. मला उशिराने का होईना, शिक्षक झाल्यासारखं वाटायला लागलं.

एके दिवशी एक मुलगी आली, किनाऱ्याकडच्या हॉटेलात रिसेप्शनवर नुकतीच लागलेली. म्हणाली, "सर, पावणे हांसत हांसत कितां तरी बोलतात. आमी पण हांसतांव. मागीर घरा येतकच दिसता, राग येवपाक जाय आशिल्लो काय ना? ताच कळना."

राग यायला हवा होता का, हेच कळत नाही. मला हा प्रश्न फार आवडला. कुणीतरी आपल्याला तुच्छ लेखतंय, आणि ते कुठल्या प्रकाराने, हे कळल्याशिवाय नीट हसताही येत नाही. म्हणून मी एक खास धडा तयार केला. इंग्रजीत माणसाचा अनादर कसकसा करतात. फळ्यावर लिहिताना माझ्या लक्षात आलं की ह्या विषयात मला प्रचंड गती आहे. स्नब म्हणजे समोरच्याने केलेला नमस्कार हवेतच लोंबकळत ठेवणं. टॉकिंग डाऊन म्हणजे आपण माडावर बसून खालच्याशी बोलतोय असं बोलणं. पॅट्रनायझिंग म्हणजे पाठीवर थाप मारायची, पण कुत्र्याला मारतात तशी. बॅकहँडेड कॉम्प्लिमेंट म्हणजे स्तुतीच्या पुडीत बांधलेली चिमूटभर मिरचीपूड. लुकिंग थ्रू म्हणजे समोर माणूस उभा असताना त्याच्या छातीतून आरपार मागचं कॅलेंडर वाचणं. शेवटी कोल्ड शोल्डर. हा समजवायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. नाक आपल्याकडेही मुरडतात, तोंडही फिरवतात, पाठही दाखवतात. पण खांदा? आपल्याकडे खांदा हा शेवटच्या दिवशी का होईना, द्यायचा असतो. तो थंड करून कुणाला दाखवायचा ही कल्पना मुलांना पटेना.

मला मात्र ह्या बाबतीत इंग्रजांचा मनापासून हेवा वाटला. केवढी तयारी! आमच्याकडे कुणाचा अपमान करायचा तर आधी घसा साफ करावा लागतो, मग शेजारी दारात येतात, मग दोन्ही घरांच्या आज्या निघतात. त्यांच्याकडे नुसती भुवई हलवून काम होतं, आणि प्रत्येक हालचालीला वेगळा शब्द.

फळ्यावरचा शेवटचा शब्द होता सायलेंट ट्रीटमेंट. ह्याला आपल्याकडे चांगला घरगुती शब्द आहे, अबोला. मुलं हसली. हा सगळ्यांच्या घरी होता.

त्या वर्गात एक पोरगा होता. उंच, सडसडीत, कुरळ्या केसांचा, आणि हसला की समोरचा माणूस आपोआप हसतो असल्या घातक चेहऱ्याचा. पाच-सहा महिने माझ्याकडे आला असेल नसेल, विमानतळावर सामान तपासून बोर्डिंग पास देणाऱ्या काउंटरवर त्याला नोकरी लागली. मग एके दिवशी पेढे घेऊन आला. आनंदाने नुसता फुलला होता.

"सर, आज एका गोऱ्या म्हाताऱ्यान माजो अपमान केलो."

"मग पेढे कसले?"

"सर, तेची बॅग जड जाली. मी सांगलां, एक्स्ट्रा चार्ज पडतलो. तर तो एक एक शब्द सावकाश उच्चारून म्हणता कितां, यू स्पीक व्हेरी गुड इंग्लिश, फॉर अ लोकल बॉय."

"आणि तुला त्याचा आनंद झाला?"

"सर, माका कळ्ळां मू! टॉकिंग डाऊन, पॅट्रनायझिंग आनी बॅकहँडेड कॉम्प्लिमेंट, तिनूय एका वाक्यात! मी थँक्यू सर म्हणून हांसलों आनी चार्ज लायलो."

मी पेढा तोंडात धरून बसलो. जन्मभर मी इंग्रजी शिकवलं, पण आजवर एकाही खऱ्या गोऱ्या माणसाने माझा इंग्रजीतून अपमान केलेला नाही. संधीच आली नाही. आणि ह्या पोराला नोकरी लागून महिना झाला नाही तोवर एका वाक्यात तीन! माझेच शब्द, मी फळ्यावर खडूने लिहिलेले, आणि ते खऱ्याखुऱ्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळाले त्याला. मला मिळाला पेढा.

तिथून मला तो पोरगा सलायला लागला. आधी अधूनमधून, मग नियमाने.

सेनापतीची भूमिका आजवर आमचा लाइनमन करायचा. पण त्याचं पोट चिलखतात मावेना. चिलखत मोठं करायचं की सेनापती बदलायचा ह्यावर चर्चा होऊन सेनापती बदलला, आणि भूमिका अर्थातच ह्या पोराला मिळाली. पहिल्याच तालमीत त्याने डोक्याला पागोटं बांधलं आणि देवळाच्या मंडपात फुलवाती करत बसलेल्या बायका हातातल्या वाती विसरल्या. त्यांत माझी बायकोही होती. घरी येऊन ती म्हणाली, "पागोट्यान किती सोबीत दिसता गो तो!" मी म्हटलं, "कुणाशी बोलतेस? इथे मीच आहे." ती म्हणाली, "तुमकांच सांगतां. आनी कोणाक सांगूं?"

जत्रेआधी देवळात नाटकाची बैठक भरली. आमच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष म्हणजे पेडणे-म्हापसा मार्गावर स्वतःची बस असलेला माणूस. बैठकही तो बस सोडायच्या घाईत असल्यासारखी चालवतो. सगळं ठरून झालं आणि तो पोरगा उभा राहिला. हात जोडून, डोळे नम्र.

"माका एक सांगपाचां आसा. यंदा सगळ्यांनी आपापले शब्द मोबायलार रेकॉर्ड केल्यात. ड्यूटीक वतना आयकतात, पाठ करतात. तर सरांक त्या क्रेटार कित्याक बसोवपाचां? इतलीं वर्सां काळोखांत बसले. आतां तांकां पयल्या रांगेत, मदीं, खुर्ची घालूंया. नाटक पळोवंदे एकदां समोरसून."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंचाने, जो राजा व्हायचा आणि ज्याला स्वतःच्या राज्याचं नावसुद्धा माझ्याशिवाय आठवत नसे, त्याने सगळ्यांत जोरात.

मी हसलो. रिसेप्शनवरच्या त्या मुलीसारखाच हसलो, आणि घरी जाताना वाटेत मला राग आला. मळ्याच्या बांधावरून चालताना मी शब्द शोधत होतो. स्नब? नाही, स्नबमध्ये खुर्ची देत नाहीत. पॅट्रनायझिंग? थोडंसं. मग आठवला. किक्ड अपस्टेअर्स. लाथ मारून वरच्या मजल्यावर पाठवणं. मान वाढवायचा आणि काम काढून घ्यायचं. नेमका शब्द सापडल्याचा मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ धावतच घरी आलो आणि बायकोला सांगितलं.

ती म्हणाली, "मदीं खुर्ची घालूंया म्हटलां तेणें. लात खंय मारली?"

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांना बस स्टँडवर गाठलं. खुर्ची नको म्हटलं. इतक्या वर्षांची जागा आहे, सुटत नाही म्हटलं. आवाज जरा कापराही केला. ते तिकिटांची पुडकी मोजत म्हणाले, "बरां सर, यंदा तुमी विंगेतच बसात. मागीर प्रॉम्प्टर जाय काय नाका, तां फुडल्या वर्साक ठरोवंया. यंदाचां नाटक कशां जाता तां पळोवन." आणि कंडक्टरच्या आधी स्वतःच बस ठोकून ते गेले.

म्हणजे परीक्षा लागली होती. नाटक माझ्यावाचून चालतं की नाही, एवढाच प्रश्न होता. चाललं तर माझी विंग गेली, आणि पुढच्या वर्षापासून मी खुर्चीवर बसून टाळ्या वाजवणार, त्याही पूर्ण. निम्म्या ठेवून घ्यायची सोय नाही.

तालमी चालूच होत्या आणि मी ठरवलं की ह्या पोराला आपला धडा त्याच्याच अंगावर शिकवायचा. पहिल्या दिवशी कोल्ड शोल्डर. तो माझ्यासाठी चहाचा पेला घेऊन आला, आणि मी एक खांदा पुढे काढून, मान वळवून, नंदीच्या मूर्तीकडे बघत राहिलो. बराच वेळ. चहावर साय धरली. दुसऱ्या दिवशी तो तेलाची बाटली घेऊन आला. "सर, काल तुमचो खांदो धरिल्लो न्हय? माज्या आवयन करंज्याचां तेल दिलां. रातीक लायात." ती बाटली बायकोने ठेवून घेतली. खांदा खरंच दुखत होता, वळवून वळवून.

मग लुकिंग थ्रू. तो समोर येऊन बोलायला लागला की मी त्याच्या आरपार बघायचो. तो बिचारा मागे वळून मी काय बघतोय ते शोधायचा, कुणी दिसलं नाही की अगदी माझ्या चेहऱ्याजवळ वाकून, मोठ्याने सांगायचा, "सर, मी. मी आसां." मंडपातल्या सगळ्यांना वाटलं मास्तरांची नजर गेली. अध्यक्षांनी कुणाकडून तरी निरोप पाठवला की विजेरी मोठी घ्या.

शेवटी मी माझं हुकमी अस्त्र काढलं. रंगीत तालमीत, नटी आलेल्या, सगळे जमलेले, त्याचा प्रवेश संपला तेव्हा मी विंगेतून बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हटलं, "पाठांतर उत्तम आहे हां तुझं. आता अभिनय तेवढा शिकलास की झालं." वा! अशी बॅकहँडेड कॉम्प्लिमेंट त्या गोऱ्या म्हाताऱ्यालाही सुचली नसती. पोराचा चेहरा गंभीर झाला. पुढे आला, वाकला आणि त्याने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "खरां सर. तुमी सांगूक नाशिल्लां जाल्यार कोणेंच सांगूंक नाशिल्लां."

टाळ्या. कुणीतरी फोटो काढला, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आणि त्याखाली लोकांनी जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लावली. गुरू-शिष्य, परंपरा, संस्कार वगैरे. मी फोटो मोठा करून बघितला. त्यात त्याचा पूर्ण चेहरा होता, डोळे मिटलेला, पागोट्यासकट. माझे फक्त पाय होते. एका पायाच्या अंगठ्याला पट्टी.

साखळीहून आलेल्या नटीने, जी नाटकात त्याची आई होणार होती, त्याच्याबरोबर सेल्फी घेतली. मी कितीतरी वर्षं तिला शब्द दिलेत, म्हणजे तिला लागत नसत, पण दिलेत. तिने मला विचारलं, "मास्तर, मातशे कुशीक जाल्यार? मागीर उजवाड येता." म्हणजे मी उजेडाच्या आड येत होतो, जरा बाजूला व्हायचं होतं.

जत्रेच्या दिवशी मी लवकर जाऊन क्रेट लावून बसलो. हल्ली दहाला भोंगे बंद करावे लागतात म्हणून नाटक दिवेलागणीलाच सुरू होतं. बाहेर गूळ-आल्याच्या खाज्याची दुकानं, फुगेवाले, पोरांच्या पिपाण्या, आकाशपाळण्याचं इंजिन, सगळा कल्लोळ. आमच्या नाटकाच्या प्रेक्षकांना शांत बसायची सवय नाही. मांडवात कुणी कुणाच्या मुलीचं लग्न ठरवत असतं, कुणी लहान मूल रांगेतून पुढे पास करत असतं. त्यावरून बोलायचं ते नटांनी, आणि नटांच्या आधी मी.

पहिल्या अंकात मी कामाला चुकलो नाही. राजा तर सरळ माझ्याकडे तोंड करूनच उभा राहिला, मानपानाची वाट बघणाऱ्या व्याह्यासारखा. पण सेनापती एकदाही अडला नाही. मी ओळ सोडायच्या आधीच तो बोलून मोकळा व्हायचा. मी त्याच्या मागून धापा टाकत वाचत होतो. प्रत्येक वाक्याला मांडवातून टाळी येत होती आणि त्या टाळीत माझा काहीही वाटा नव्हता. मी विंगेत बसून हिशेब करत होतो, एवढ्या वर्षांत लाइनमनला एवढ्या टाळ्या कधी पडल्या होत्या? आणि त्या मी कशा आनंदाने वाटून घेत होतो! ह्या पोराने वाटायला काही ठेवलंच नव्हतं.

मग दुसरा अंक आला. भाऊ फितूर झाल्याची बातमी येते, भावाची तलवार सेनापतीच्या हातात देतात, आणि तो तलवारीकडे बघत भलं मोठं भाषण करतो. निम्मं भाषण त्याने झकास केलं. "ही तलवार आपण दोघांनी मिळून धार लावलेली..." आणि थांबला. मला वाटलं विराम आहे. तो विराम नव्हता. त्याची नजर सरकत सरकत विंगेकडे आली आणि माझ्यावर स्थिरावली.

सांगायला संकोच वाटतो, पण इतकं गोड मला कधीच काही लागलं नाही. त्या नजरेत सगळं होतं. मोबायलवरचं पाठांतर संपलं होतं, हसू संपलं होतं, गोरा म्हातारा, पेढे, पागोटं, सगळं संपलं होतं आणि तो एका क्रेटवर बसलेल्या माणसाकडे याचना करत होता. बघा, म्हटलं, अध्यक्ष, बघा. प्रॉम्प्टर लागतो की नाही?

आता ओळ द्यायची आणि जिंकायचं, एवढंच उरलं होतं. पण माझ्या डोक्यात फळ्यावरचा शेवटचा शब्द चमकला. अजून थोडा वेळ. अजून एक श्वास. लोकांना कळू दे. मी विजेरी विझवली, चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने काच पुसायला लागलो.

पोरगा तसाच उभा. मग त्याने विंगेकडून नजर काढून घेतली आणि तलवारीकडे बघितलं. गुडघ्यांतून हळूहळू खाली बसला. डोक्यावरचं पागोटं काढलं. ते तलवारीवर ठेवलं. आणि नुसता बसून राहिला, खांदे पाडून.

मांडव गप्प झाला. आधी पुढच्या रांगा, मग मागच्या, मग पिपाण्या. खाज्यावाल्यानेसुद्धा तराजू हातातच धरून ठेवला. आमच्या जत्रेत आकाशपाळण्याच्या इंजिनाचा आवाज इतका स्पष्ट मी पहिल्यांदाच ऐकला. साखळीच्या नटीने, ती शेवटी अस्सल कलावंत, आपली वेळ व्हायच्या बरीच आधी मंचावर पाऊल टाकलं, त्याच्या उघड्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रवेशाच्या शेवटची आपली वाक्यं सुरू केली. पहिलं वाक्य संपायच्या आत टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मांडवाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. बायका पदराने डोळे पुसत होत्या. माझी बायको पुसत होती का ते मी बघितलं नाही.

मी घाईघाईने चष्मा घातला, विजेरी लावली. पण ते एकदम कुठल्या कुठे पोचले होते! मधली पानं गळाली होती. मी पुढची उलटली तर ते मागे, मी मागची उलटली तर ते पुढे. त्या अंकात पुन्हा मला जागा सापडलीच नाही. प्रॉम्प्टर चुकला तर त्याला शब्द द्यायला विंगेत दुसरा कुणी बसलेला नसतो.

मला शेवटची आशा राजाची होती. मी ओळ दिली नाही की हा तरी बुडेल. पण पंच हुशार माणूस, उगाच का निवडून येतो? त्याने सेनापतीला मिळालेल्या टाळ्या बघितल्या होत्या. तिसऱ्या अंकात शब्द आठवेना झाला की तो सिंहासनावर कपाळाला हात लावून, डोळे मिटून बसायचा. लोक तिथेही गप्प व्हायचे. मग समोरचा कुणीतरी पुढचं बोलायचा आणि राजा भानावर आल्यासारखा मान हलवायचा. दहाच्या आत, भोंगे बंद व्हायच्या आत, पडदा पडला. एरवी आम्ही शेवटचा प्रवेश भोंग्याविना करतो.

मी क्रेटवर बसूनच होतो. पोरगा रंग पुसायच्या आधी धावत आला. चेहऱ्यावर घामाचे ओघळ. आता बोलेल, म्हटलं. आता तरी ह्याला कळलं असेल.

"सर," तो म्हणाला, "तुमी मुद्दाम गप्प रावले न्हय?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं होतं. फक्त उलटं कळलं होतं.

"अभिनय शिक म्हटल्लां तुमी. शब्द दिलो आसतो जाल्यार मी परत घोकूनच बोलतलों. तुमी माका सोडलो. इतलां कोण करता, सर?"

अशा वेळी प्रामाणिक माणूस काहीतरी सांगतो. मी म्हटलं, "हं. ते करावं लागतं कधीकधी." आणि माझ्याच कानांना ते इतकं थोर वाटलं की मी त्याच्या पाठीवर थापही मारली. मारताना लक्षात आलं, मी फळ्यावर वर्णन केलं होतं तशीच ती थाप होती. त्याला आवडली.

तो मला हाताला धरून ओढत बाहेर घेऊन गेला. मंचाच्या पायऱ्यांपाशी अध्यक्ष उभे होते, भोवती सगळी मंडळी, हातात खाज्याच्या पुड्या. पोराने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आज जां जालां तां सरांमुळें जालां. विंगेत सर नाशिल्ले जाल्यार माका तां सुचूंकच नाशिल्लां. बैठकेत मी उलयलों ती माजी चूक. फुडल्या वर्सा सर विंगेत जायच जाय!"

मी जरा मान खाली घातली. अशी मान खाली घातल्यावर माणूस मोठा दिसतो, हे मी राजाकडून त्याच संध्याकाळी शिकलो होतो. राहून राहून एकच गोष्ट खुपत होती, की माझी विंगसुद्धा मला ह्या पोराच्याच हातून परत मिळत होती. पण मिळत तर होती. अध्यक्षांनी खाजं चावत मान डोलावली. "मागीर प्रश्नच ना. फुडल्या वर्सा सर..."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत आमची एक चुलत आत्या पुढे आली. वरच्या वाड्यावरची, ऐंशीच्या पुढची, दर जत्रेला दुपारपासून पहिल्या रांगेत आपला पाट मांडून बसणारी. तिने पुढे येऊन माझ्याकडे निरखून बघितलं आणि अध्यक्षांचं वाक्य अर्ध्यातच तोडलं.

"अरे मास्तरा, तू आजून हांगाच? माका दिसलां पयलो अंक जातकच तू घरा गेलोय! दर वर्सा आमी सगळां नाटक दोन-दोनदां आयकतांव, पयलीं तुजां, मागीर तेंचां. यंदा दुसऱ्या अंकापसून एकदांच आयकलां. किती बरां दिसलां! फुडल्या वर्सा तूं घराच राव, बाबा."